तानुबाईंचं ताट

धुळे
१४ जून १९८७

सौ. तानुबाई विहीणबाई यांना धुळ्याहून प्रमिलाचा नमस्कार.

धरणगावच्या लग्नात आपलं धड बोलणं झालं नाही. तुम्हाला चार जणींनी घेरलेलं आणि आम्हाला परतीची एसटी गाठायची होती. सुनंदाला मात्र मी हात धरून बाजूला नेलं. "पाचवा लागला, आई," म्हणाली. फार आनंद झाला. पण विहीणबाई, मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. जिथे लाली असायला हवी तिथे पिठासारखं पांढरं होतं. धर्मशाळेचा एक जिना चढली तर तिला धाप लागली. बाविसाव्या वर्षी!

मी शाळेत आठवी ते दहावीच्या मुलींना गृहशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लिहिते. रक्त लाल असतं ते त्यातल्या लोहामुळे. श्वासातून आत आलेला प्राणवायू अंगभर पोचवायचं काम हे रक्त करतं. लोह कमी पडलं की प्राणवायू कमी पोचतो, मग धाप, चक्कर, हातपाय गळून जाणं. पोटात जीव असला की आईला दोघांचं रक्त तयार करावं लागतं, आणि बाळ आपला वाटा आधी उचलतं. उरलेलं आईचं. म्हणून तिला रोज पालेभाजी हवी. पोकळा, मेथी, शेपू, जी मिळेल ती. मटकीला मोड आणून द्या, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा द्या. भाजीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह नीट अंगी लागतं. चहा जेवणाच्या वेळी अजिबात नको, तो लोह अडवतो. बाळाच्या अंगात मांस भरायला डाळ आणि दूध पाहिजे. शिवाय सरकारी लाल गोळ्या.

हे सगळं एका मोठ्या कागदावर तक्ता करून सोबत पाठवते आहे. स्वयंपाकघरात लावून टाका, म्हणजे विसरायला होणार नाही.

शिकवते म्हणून रागावू नका. एकुलती एक पोर आहे माझी.

तुमची
प्रमिला


पिंपळसोंडे, ता. रावेर
२७ जून १९८७

प्रमिलाबाई, नमस्कार.

तुमचं पत्र आन तक्ता दोन्ही पोचलं. मी चौथी शिकलेली बाई. बोलते तशीच लिहिते, हसू नका.

तक्ता आमच्या पोरानं, चुडामणने, चुलीच्या वरच्या भिंतीवर लावला. आमच्या यजमानांनी चष्मा लावून उभ्याउभ्या सगळा वाचला आन म्हणाले, "याच्यात केळ कुठंच नाही. ज्यांच्या दारात केळीचा बाग, त्यांच्या तक्त्यात केळ नाही!" ते हसून म्हणाले, तुम्ही मनावर घेऊ नका. पण उत्तर विचारलं आहे.

सुनंदाची तब्येत बरी आहे. सकाळी मळमळतं, तोंडाले चव नाही म्हणते. दूध देते. दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असते, तिच्याबरोबर जी भाजी निघेल ती. आमच्या गावची भिकुबाई दाई म्हणते, पोटुशीनं कमीच खावं, मूल मोठं झालं का बाळंतीण अडते. मी तिचं ऐकत नाही. ते माझ्यावर सोडा.

इंदिराबाई सिस्टर दर मंगळवारी आमच्या गावात येतात. त्यांनी लाल गोळ्या दिल्या होत्या. सध्या बंद ठेवल्या आहेत. कायले, ते भेटीत सांगीन, पत्रात लिहिण्यासारखं नाही.

घरात सगळं भरपूर आहे. तुम्ही जीवाले घोर लावून घेऊ नका.

तानुबाई


धुळे
९ जुलै १९८७

सौ. तानुबाई यांना नमस्कार.

व्याह्यांना सांगा, केळ उत्तम. ताकद देतं, पोट भरतं. पण रक्त वाढवण्याइतकं लोह त्यात नाही, म्हणून तक्त्यात नाही.

आता दुसरं. गोळ्या बंद केल्याचं वाचून मी सुन्न झाले. पत्रात लिहिता येणार नाही असं काय कारण असू शकतं? सुनंदाच्या कार्डावर नेहमीच्या दोन ओळी, "मी मजेत आहे, काळजी नसावी." मजेत असलेली माणसं इतकं थोडं लिहीत नाहीत.

आमच्या शेजारच्या वच्छलाबाई तुमच्या गावात नात्यातल्या तेराव्याला आल्या होत्या. तुमच्या घरी पाणी प्यायला थांबल्या. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. पुरुष जेवून उठले, शेतावरचे सालगडी, तुमचे सालदार, जेवून उठले, सुनंदा वाढत होती. मग बायकांची पाळी. "शेवटच्या ताटाला भाजी उरली नव्हती गं," म्हणाल्या. "तुझी पोर ज्या घरात दिली तिथे शेवटचीनं भाकरी चहात बुडवून खायची असते."

विहीणबाई, तक्ता भिंतीवर लावला आणि ताटात काही नाही, तर त्याचा उपयोग काय? मी पोर दिली ती अर्धपोटी राहायला नाही दिली. हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. सातव्याची वाट न पाहता मी तिला घेऊन जाईन.

प्रमिला


पिंपळसोंडे
६ ऑगस्ट १९८७

प्रमिलाबाई,

तुमचं पत्र मी महिनाभर उशीखाली ठेवलं. चुडामणले दाखवलं नाही, सुनंदाले नाही, घरधन्याले नाही. राग आला होता. रागात लिहिलं तर नातं तुटतं, आन नातं तुटलं तर पोरीची ओढाताण होते. म्हणून उशीर झाला.

आधी माझी चूक सांगते. गोळ्या मीच बंद केल्या. पोरीले शौचाले डांबरासारखं काळं झालं. तिनं घाबरून मले सांगितलं. मले वाटलं पोटात काही फुटलं, औषध अंगावर आलं. वीस दिवस गोळ्या डब्यात पडून राह्यल्या. मग धीर करून सिस्टरले विचारलं. त्या म्हणाल्या, "तानुबाई, अंगाले लागून उरलेलं लोखंड आहे ते. काळं होणारच, त्याले भ्यायचं नाही." तेव्हापासून रोज जेवणानंतर माझ्यासमोर गोळी. मळमळलं तरी. हे तुमाले तेव्हाच लिहायले पाहिजे होतं. असलं लिहायची लाज वाटली.

आता दुसरी गोष्ट. ही मी आजवर कोणाले लिहिली नाही, सांगितलीही दोघांतिघांलेच.

चुडामणच्या आधी मले एक पोर झाली होती. मी अठराची होते. माझी सासू वाईट बाई नव्हती. तिच्या सासूनं तिले जे सांगितलं ते ती मले सांगे. सातव्या महिन्यापासून मले अर्धी भाकरी. दूध नाही, डाळ नाही, वांगं नाही. मूल लहान राह्यलं का सुटका सोपी. तसंच झालं, सुटका सोपी झाली. पोर माझ्या वितीपेक्षा जराशी मोठी. तिले अंगावर घ्यायची तर ओढायची ताकद नव्हती, आन मले दूधही उतरलं नाही. रडायची ती मांजराच्या पिलासारखी. अकराव्या दिवशी गेली. बारसं दुसऱ्या दिवशी होतं, पाळणा टांगलेला होता.

तेव्हा मी मनात घातलं का माझ्या घरात पोटुशी बाई कधी अर्धपोटी राहणार नाही. कोणी तक्ता पाठवो का न पाठवो.

वच्छलाबाईंनी शेवटचं ताट पाह्यलं ते खरं आहे. त्यांनी खोटं सांगितलं नाही. पण ते ताट सुनंदाचं नव्हतं. ती वाढत होती, तिचं जेवण त्याच्या आधीच झालं होतं.

पोळा झाला का चुडामण तिले धुळ्याले आणून सोडेल. रीत आहेच पहिल्या बाळंतपणाची. तुम्ही मास्तरीण आहात, पोरीले समोर बसवा आन तिले विचारा ती काय खाते. मी एवढंच लिहिते. जास्त लिहिलं तर चहाडी होईल.

तानुबाई


धुळे
६ सप्टेंबर १९८७

तानुबाई,

कुठून सुरुवात करू समजत नाही. म्हणून झालं तसं सांगते.

सुनंदा आली. चौथ्या दिवशी मी तिच्या पांघरुणाची घडी घालायला गेले तर पांढरे तुकडे खाली पडले. खडूचे. फळ्यावर लिहितो ते. एकावर दातांच्या खुणा होत्या.

मी तिला हाक मारली. ती आली, तुकडे पाहिले आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"हे तू खातेस?"

"हो."

"कधीपासून? दिवस गेल्यापासून?"

"नाही, आई. आठवीपासून."

"मग मला कधी दिसलं कसं नाही? आणायचीस कुठून?"

तिनं खाली बसून तुकडे वेचले. मग म्हणाली, "तुझ्याच पिशवीतून."

तानुबाई, मी पलंगावर बसले ती उठलेच नाही. ज्याला अन्न म्हणता येत नाही असं काही खावंसं वाटणं, माती, राख, पेन्सिल, खडू, हे पुष्कळदा अंगात लोह कमी असल्याचं लक्षण असतं. ही ओळ मी दर वर्षी त्याच खडूनं फळ्यावर लिहिते आणि मुलींना पाठ करायला लावते. माझी मुलगी त्याच पिशवीतून खडू काढून खात होती आणि मी तिला म्हणत होते, फार खादाड होऊ नकोस, लग्नाचं वय आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्ताचा आकडा पावणेआठ आला, अकरा तरी हवा. त्या म्हणाल्या, "हे या महिन्यांचं नाही, वर्षांचं आहे. सासरी गोळ्या आणि जेवण चांगलं झालेलं दिसतंय, नाहीतर याहून खाली असती." मी त्यांच्यासमोर मान खाली घातली. तुमच्यासमोर इथे घालते.

सुनंदानं बाकीचंही सांगितलं. ज्येष्ठात तुम्हाला तिच्या ट्रंकेत खडूची डबी सापडली. तुम्ही रागावला नाहीत. डबी रिकामी केलीत आणि तिच्यात भाजलेले तीळ आणि गूळ कुटून भरून ठेवलात. "तोंड चाळवलं का हे खा" एवढंच म्हणालात, आणि डबी दर आठवड्याला भरत राहिलात. हे तुम्ही मला लिहून माझं तोंड बंद करू शकला असता. केलं नाहीत.

मग मी विचारलं, "शेवटचं ताट कोणाचं असतं?"

"सासूबाईंचं," म्हणाली. "भाजी त्या मला आधी वाढतात. त्यांना विचारलं तर म्हणतात, माझं झालं. मग मागे बसून भाकरी चहात बुडवून खातात. ठेचा त्यांनी सोडला, जीभ जळते म्हणतात. विहिरीवरून येताना दोनदा बसतात. आणि आई, त्यांची नखं बघितलीस का तू? मधून खोल गेलीत, थेंबभर पाणी राहील इतकी."

मी मेथी निवडत होते, ती टाकून उठले.

जळणारी जीभ, खोलगट नखं, धाप. तानुबाई, हे वयानं होत नाही. तुमच्या अंगातलं रक्त फार कमी झालं आहे. सुनंदापेक्षाही कमी असेल असं मला वाटतं. येत्या मंगळवारी इंदिराबाईंना हात दाखवा. मी हात जोडते. आधी तक्ता पाठवताना मी तुमची शिक्षिका झाले होते, आज मागणं करते आहे.

मला माफ करा.

प्रमिला


पोस्टकार्ड
पिंपळसोंडे, १५ सप्टेंबर

प्रमिलाबाई, माफी कायची? आई आहात. खडूचं कळवलं नाही कारण माहेरच्या माणसाले उणं दाखवून सासर मोठं होत नाही. मले काही झालं नाही. सध्या बागेत केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापणं चालू आहे, बायका मिळत नाहीत. दसऱ्यानंतर सिस्टरकडे जाईन, पक्कं. सुनंदाले तीळगूळ द्या, तिले तो कुटलेलाच आवडतो. तानुबाई


जळगाव
३० सप्टेंबर १९८७

ती. सौ. मामींना चुडामणचा साष्टांग नमस्कार.

मी हे पत्र जळगावच्या दवाखान्यातून लिहितो आहे. आधीच सांगतो, आई आता धोक्याबाहेर आहे.

शुक्रवारी सकाळी ती बागेत पिलं कापत होती. माझ्यापुढे दोन ओळी सोडून होती. "चुडामण, जरा बसते रे," म्हणाली. मी "बस" म्हणालो आणि काम करत राहिलो. थोड्या वेळानं पाहिलं तर ती बसलेली नव्हती, आडवी झाली होती. ओठ पांढरे, हात गार. ट्रॅक्टरवर घालून रावेरला नेलं, तिथून जीपनं इथे आणलं.

रक्ताचा आकडा साडेचार निघाला. डॉक्टरांनी आकडा पुन्हा वाचला आणि मला विचारलं, "या बाई काम करत होत्या? तुम्ही सांगताय, बागेत?" इतक्या कमी रक्तावर हृदयाला दुप्पट पळावं लागतं आणि ते थकतं, म्हणाले. म्हणून बाटली एकदम चढवता येईना, थेंबथेंब दिली. एक बाटली माझी, एक बाबांची. दोघांचं रक्त जुळलं.

त्यांनी पोटातल्या जंतांची तपासणीही केली. आकड्यासारखे जंत असतात, आतड्याला धरून रक्त पितात. त्यांची पिल्लं ओल्या मातीत असतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. मामी, आम्ही बागेत शिरताना चपला बांधावर काढून ठेवतो. लक्ष्मीच्या जागी चप्पल नको, असं आजोबांपासून चालत आलं. आई तर दिवसभर तिथे ओल्यात उभी असायची. आधीच ताटात कमी, त्यात वरून चहा, आणि जे अंगी लागायचं ते जंत पीत होते. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, गोळ्या दिल्या, आणि तुम्ही सुनंदासाठी लिहिलं होतं तेच सगळं आईला सांगितलं. आई त्यांना म्हणाली, "हे मले माहीत आहे, आमच्या भिंतीवर लावलेलं आहे."

आमच्या घरून वॅगनी भरून केळी दिल्लीला जातात. आणि माझी आई एकाच घरात राहून उपाशी होती, हे मला सव्वीस वर्षांत दिसलं नाही. बाबा वऱ्हांड्यात बसून असतात. काल म्हणाले, "चुडामण, ही काय जेवते ते मी कधी पाह्यलंच नाही. मी उठायचो तेव्हा तिचं ताट मांडलेलंच नसायचं."

सुनंदाला आत्ताच सांगू नका. या दिवसांत ती घाबरेल. तुम्हाला कळवायचं की नाही याचा दोन दिवस विचार केला. पण आईच म्हणाली, "त्यांनी सांगितलं होतं, त्यांना कळव."

आपला
चुडामण


धुळे
५ नोव्हेंबर १९८७

तानुबाई, गोड बातमी आधी.

तार पोचली असेल. तीस ऑक्टोबरला दुपारी सव्वादोनला सुनंदा सुटली. मुलगी झाली. वजन दोन किलो सहाशे. जन्मल्याबरोबर अशी रडली की बाहेर बसलेले सुनंदाचे बाबा दचकून उभे राहिले. अंगावर चांगली ओढते. सुनंदाचा आकडा बाळंतपणाआधी दहावर आला होता, रक्तस्राव बेताचा झाला, भीती वाटावी असं काही झालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन महिन्यांपूर्वीच्या रक्तावर ही बाळंत झाली असती तर मी काही सांगू शकले नसते. तुम्ही उभं राहून खायला लावलेल्या गोळ्या होत्या त्या.

तुमच्या आजारपणाचं मी सुनंदाला बाळंतपणानंतर सांगितलं. ती रडली, मग रागावली. तुमच्यावर नाही, माझ्यावर, लपवलं म्हणून. तिचं बरोबर आहे. आपण सगळ्यांनी एकमेकींपासून इतकं लपवलं की कोणाला काय झालंय ते रक्त तपासल्यावर कळलं.

दसऱ्याला मी जळगावला आले तेव्हा तुमच्याशी नीट बोलता आलं नाही. तुम्ही झोपेत होता आणि जाग आल्यावर पहिलं विचारलंत ते सुनंदा गोळ्या घेते का. मी हो म्हणाले आणि बाहेर जाऊन रडून आले. तेव्हा सांगायचं राहिलं ते आता लिहिते.

परतीच्या गाडीत माझ्या मनात एकच विचार होता, की आमच्या घरी मी कधी जेवते? हे आणि सुनंदा जेवतात, मी वाढते, मग ओटा पुसते, मग बसते. बावीस वर्षं मी मुलींना समतोल आहार शिकवते आणि बावीस वर्षं शेवटचं ताट माझंच असतं. आमच्या घरात तीनच माणसं, म्हणून शेवटच्या ताटाला भाजी उरते. तुमच्या घरात सालदार धरून सहा, म्हणून उरत नाही. आपल्या दोघींत फरक तेवढाच, आणि त्या फरकाला मी ज्ञान समजत होते. मी माझंही रक्त तपासून घेतलं. सव्वानऊ. गोळ्या सुरू केल्या आहेत.

दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गातला धडा मी पुस्तक मिटून घेतला. एक्केचाळीस मुलींना खिडकीपाशी रांगेत उभं केलं आणि एकेकीची पापणी ओढून पाहिली. सतरा जणींच्या पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या. एक वडील भांडायला आले. "आमच्या घरात खायला कमी आहे असं म्हणायचंय का?" म्हणाले. मी त्यांना बसवलं आणि म्हटलं, "तुमच्या घरात कमी नाही, तुमच्या पोरीच्या ताटात आहे. मीही याच वर्षी शिकले."

तुम्ही कशा आहात? खरं लिहा. "बरी आहे" असं लिहिलंत तर मी पुढच्या एसटीनं येईन.

प्रमिला


पिंपळसोंडे
२९ नोव्हेंबर १९८७

प्रमिलाबाई,

नातीची बातमी ऐकून यजमानांनी गल्लीत पेढे वाटले. पोरगी झाली म्हणून भिकुबाई तोंड वाकडं करून आली होती. मी तिले म्हणाले, "दोन किलो सहाशे आहे, आन बाळंतीण अडली नाही, तुझ्या कानावर घालते." ती पेढा खाऊन गेली.

खरं लिहा म्हणालात, तर खरं लिहिते. आकडा आता साडेनऊ आहे. सिस्टर दर पंधरवड्याले बोटाले सुई टोचतात. विहिरीवरून एका दमात येते. जिभेची आग गेली, ठेचा खाऊ लागले. बागेत आता सगळे रबरी चपला घालून जातात. पहिल्या दिवशी मी बांधावर अडखळले, पाय पुढे टाकवेना. तर हे म्हणाले, "केळीले काय कळतं तुझ्या पायात काय आहे ते?" आन स्वतः चपला घालून माझ्यापुढे चालायले लागले.

जेवणाचं मात्र सोपं नव्हतं. ते सविस्तर सांगते.

दवाखान्यातून आले तेव्हा माझी धाकटी जाऊ मंदाबाई स्वयंपाकाले येऊ लागली. मी खाटेवर असेपर्यंत ती मले ताट आणून द्यायची, त्यात काही वाटलं नाही, आजारी माणूसच होते. पण हिंडूफिरू लागले त्या दिवशी दुपारी पुरुष जेवायले बसले आन मी सवयीनं परात घेऊन उभी राह्यले. यजमान म्हणाले, "बस."

मी म्हणाले, "तुमचं होऊ द्या."

"बस म्हणतो ना. तू बसल्याशिवाय मी घास घेणार नाही."

चुडामणनं पाट मांडला. मी पुरुषांच्या पंगतीत, सालदारांच्या समोर. प्रमिलाबाई, इतकी लाज मले लग्नाच्या दिवशी वाटली नव्हती. उखर्डू सालदार आमच्याकडे वीस वर्षं आहे, तो बिचारा मान खाली घालून ताटात बघत बसला. मंदाबाईनं तव्यावरची भाकरी सरळ माझ्या ताटात टाकली. फुगलेली होती, वाफ निघत होती. घास तोडला तर बोटं पोळली. यजमानांनी लिंबाची फोड माझ्या भाजीवर पिळली, तक्त्यात लिहिलं आहे म्हणून. मी पहिले दोन घास नुसतेच गिळले. तिसऱ्या घासाले चव लागली.

इतकी वर्षं मी या घरात रोज वीस-पंचवीस भाकरी थापल्या. ताज्या भाकरीचा पापुद्रा असा करकरतो ते मले माहीत नव्हतं. माझ्यापर्यंत ती यायची तोवर चिवट झालेली असायची, म्हणून तर चहात बुडवावी लागायची.

पहिली संपली. ताट रिकामं झालं. पोट भरलं नव्हतं. अशा वेळी मी पाणी पिऊन उठायची. त्या दिवशी बसून राह्यले. वरती बघितलं नाही, ताटाकडेच बघत म्हणाले, "मंदे, एक भाकरी दे."

तिनं दिली. ती पण खाल्ली, भाजीसकट.

मग हात धुतले आन चुलीपाशी गेले. मंदाबाई एकटीच राह्यली होती, टोपल्यात दोन गार भाकरी होत्या. माझ्यामुळे ती आता शेवटची झाली होती. तिले म्हणाले, "ऊठ. पाटावर जाऊन बस." ती म्हणाली, "राहू द्या अक्का, मी खाते यातलीच." मी तिचा हात धरून उठवलं, पीठ मळलं, आन तिच्यासाठी भाकरी थापली. तिचं पोट भरेपर्यंत मी तव्यापुढून हलले नाही.

आता आमची पाळी ठरली आहे. एक दिवस ती भाजते, एक दिवस मी. जी भाजते तिच्यासाठी दुसरी नंतर गरम भाजून देते. सुनंदा आली का तिसरी पाळी लागेल.

तानुबाई